मुक्कामाचा सिनेमा



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, ते पेशाने शिक्षक आणि वृत्तीने चित्रपटांचे कार्यकर्ते होते. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे घेऊन त्यांनी शाळांच्या सभागृहांत माहितीपट दाखवले, आणि चित्रपट संपला की दिवे लावून लोकांना बोलतं केलं. फिल्म सोसायटीची चळवळ आपल्याकडे अशाच माणसांच्या खांद्यांवर उभी राहिली. त्यांच्या नावाने बोलायचं तर माहितीपटाबद्दल बोलावं, आणि त्याहीपेक्षा माहितीपट जिथे लोकांसमोर येतो त्या जागेबद्दल बोलावं, असं मला वाटलं. म्हणून मी आज एका महोत्सवाविषयी बोलणार आहे.

जपानच्या ईशान्येला तोहोकू नावाचा प्रदेश आहे. तिथे डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात यामागाता हे शहर वसलंय. वस्ती साधारण अडीच लाखांची. हिवाळ्यात बर्फ पडतं, उन्हाळ्यात चेरी पिकते, आजूबाजूला भाताची शेतं आहेत. आपल्याला ओळखीची वाटेल अशी एक गोष्टही तिथे आहे: करडई. तिच्या फुलांपासून काढलेल्या लाल रंगासाठी हा भाग शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. अशा या गावात 1989 पासून एक वर्षाआड ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव भरतो. जगभरच्या समाजांचं जगणं दाखवणारे चित्रपट तिथे आठवडाभर चालतात. टोकियोसारखं महानगर सोडून दिग्दर्शक, अभ्यासक आणि प्रेक्षक या आडगावी का जातात, याचं उत्तर शोधताना मला माहितीपटाबद्दलचं एक मोठं सत्य हाती लागलं, ते तुमच्यासमोर ठेवतो.

परक्या संस्कृतीचं चित्रण करण्याचा अधिकार मुक्कामातून मिळतो. तो कॅमेऱ्याने मिळत नाही, पैशाने मिळत नाही आणि नुसत्या सहानुभूतीनेही मिळत नाही. जिथे राहिलात, जिथलं खाल्लंत, जिथल्या लोकांना आपण काढलेलं चित्र दाखवून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंत, तिथल्याबद्दल तुम्ही बोलू शकता. आणि महोत्सव चांगला असेल तर तो हा मुक्काम प्रेक्षकालाही घडवतो.

पाहुण्याचा कॅमेरा

माहितीपटाचा इतिहास सांगताना बहुतेक जण 1922 सालच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'पासून सुरुवात करतात. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी कॅनडाच्या उत्तरेत इनुइट लोकांमध्ये राहून तो केला. त्यातली माणसं आजही मनात घर करतात. पण त्या चित्रपटाची दुसरी बाजूही आता सर्वांना ठाऊक आहे. इनुइट शिकारी तोवर बंदुका वापरत होते, पडद्यावर मात्र ते भाल्याने शिकार करताना दिसतात. बर्फाचं घर आतून दाखवायचं तर उजेड हवा, म्हणून अर्धंच घर बांधून घेतलं आणि त्या उघड्या घरात कुटुंबाला थंडीत झोपायला लावलं. 'नानूक' हे नावही त्या शिकाऱ्याचं नव्हतं, त्याचं नाव अल्लाकारिआल्लाक. फ्लाहर्टी तिथे दीर्घकाळ राहिले होते, चित्रित केलेला भाग त्यांनी तिथल्या लोकांना दाखवलाही होता. तरीही जग ज्या रूपात त्या माणसांना बघायला उत्सुक होतं, त्या रूपात त्यांना उभं करण्याचा मोह त्यांना आवरला नाही.

हा मोह पुढे अनेकांना झाला. 1960च्या दशकात सेनेगलचे थोर दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी फ्रेंच चित्रपटकार आणि मानववंशशास्त्रज्ञ झाँ रूश यांना समोरासमोर बसून सुनावलं की, तुम्ही आम्हा आफ्रिकनांकडे किड्यांकडे बघावं तसं बघता. हा आरोप रूश यांच्यासारख्या माणसावर व्हावा याचं दुःख वाटतं, कारण परक्याच्या चित्रणाचा प्रश्न त्यांच्याइतका मनावर घेणारे त्या पिढीत फार थोडे होते. त्यांचीच एक गोष्ट सांगतो.

नायजर नदीच्या काठी सोर्को मच्छीमार पाणघोड्याची शिकार करतात. रूश यांनी त्या शिकारीवर चित्रपट केला, आणि काही वर्षांनी तो घेऊन ते त्याच गावात परत गेले. पडदा म्हणून चादर टांगली. आपली माणसं, आपली होडी, दरम्यानच्या काळात वारलेले आप्त पडद्यावर पाहून गाव हेलावलं. नंतर शिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा चित्रपट लावायला सांगितला आणि एक चूक काढली. पाठलागाच्या प्रसंगी रूश यांनी शिकाऱ्यांचंच एक स्फूर्तिदायक वाद्यसंगीत घातलं होतं. शिकारी म्हणाले, हे काढून टाका. पाणघोड्याला पाण्याखालीही चांगलं ऐकू येतं. एवढा आवाज झाला तर तो पळून जाईल. शिकारीच्या वेळी आम्ही चिडीचूप असतो.

रूश यांना वाटलं होतं, त्यांचंच संगीत वापरलं म्हणजे त्यांचा मान राखला. ज्यांच्यावर चित्रपट होता त्यांना संगीताच्या मानापेक्षा शिकारीचं सत्य महत्त्वाचं वाटलं. पार्श्वसंगीताबद्दलचा हा धडा त्यांना कोणत्याही चित्रपटशाळेत मिळाला नसता. तो चित्रपट परत गावात नेला म्हणून मिळाला. त्या भागातले काही तरुण त्यांचे सहकारी झाले. 1978 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात 'सिनेमा द्यु रेएल' हा महोत्सव सुरू झाला, त्यामागेही रूश होते. त्याच सुमारास, 1977 पासून, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्या नावाचा महोत्सव भरू लागला. म्हणजे जगातल्या संस्कृतींवरचे माहितीपट एका छताखाली दाखवण्याची परंपरा मानववंशशास्त्राच्या अंगणात, मोठ्या देशांच्या राजधान्यांत आणि महानगरांत सुरू झाली. यामागाताचं वेगळेपण इथेच आहे. त्या महोत्सवाचं बी शेतात पडलं.

भात लावणारे दिग्दर्शक

शिन्सुके ओगावा हे जपानी माहितीपटातलं फार मोठं नाव. टोकियोजवळ नारिता विमानतळासाठी सांरिझुका भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला सरकारने सुरुवात केली, तेव्हा ओगावा आणि त्यांचे सहकारी 1968 मध्ये तिथे गेले आणि शेतकऱ्यांमध्येच राहिले. पोलिसांशी झालेल्या झटापटी त्यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने उभं राहून चित्रित केल्या. पण वर्षं गेली तशी त्यांची नजर बदलली. संघर्षापेक्षा ती माणसं वेळ कशी घालवतात, कशी बोलतात, जमिनीबद्दल काय म्हणतात, हे त्यांना अधिक मोलाचं वाटू लागलं. 1973 मधल्या 'सांरिझुका: हेता गाव' या चित्रपटात घोषणा कमी आहेत आणि गावकऱ्यांची संथ बोलणी जास्त आहेत. आपण शेतकऱ्यांबद्दल चित्रपट करतो, पण शेती आपल्याला येत नाही, ही जाणीव त्या मंडळींना बोचू लागली होती.

त्याच सुमारास यामागाताजवळच्या मागिनो गावचे शेतकरी-कवी मिचिओ किमुरा यांनी त्यांना गावात येऊन राहायचं निमंत्रण दिलं. 1970च्या दशकाच्या मध्यावर ओगावा यांचा सगळा गट मागिनोला गेला. त्यांनी शेत कसायला घेतलं, भात लावला, कापला. रेशीमकिडे पाळायला शेजारणीकडून शिकले आणि त्यावर 1977 मध्ये एक चित्रपट केला. शहरातून आलेल्या या मंडळींचा मुक्काम दहा वर्षांहून जास्त लांबला.

या मुक्कामातून दोन मोठे चित्रपट आले. 1982 सालचा 'निप्पोनकोकु: फुरुयाशिकी-मुरा' डोंगरातल्या आठ घरांच्या वस्तीवर आहे, आणि तो साडेतीन तासांचा आहे. त्यातला एक भाग तुम्हाला सविस्तर सांगतो. त्या वर्षी थंडीने भात बुडाला. ओगावा आणि मंडळींनी प्रश्न विचारला, थंडी नेमकी कुठून येते? त्यांनी ठिकठिकाणी तापमान मोजलं, मातीचे नमुने घेतले, भाताच्या लोंब्या सोलून दाणे मोजले. मग खोऱ्याचा उंचसखल नमुना बनवला आणि त्यावर कोरड्या बर्फाची वाफ सोडली. पांढरी वाफ डोंगराच्या खिंडीतून हळूहळू उतरते, ओढ्याच्या कडेने सरकते आणि नेमक्या त्याच शेतांवर साचते जिथला भात पोचट निघाला होता. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि तेवढ्यात गावकरी सांगतात की वाऱ्याची ही वाट त्यांना आधीपासून माहीत आहे, त्यांच्याकडे त्या वाऱ्याला नावही आहे. शास्त्राच्या प्रयोगाने आणि गावाच्या अनुभवाने एकाच चित्रपटात एकमेकांना ओळख दिली. त्यानंतरच चित्रपट गावकऱ्यांच्या आठवणींकडे वळतो: कोळसा पाडणं, युद्धावर गेलेली मुलं, गाव सोडून गेलेली घरं. आधी भात समजून घेतला, मग माणसं बोलली.

दुसरा चित्रपट मागिनो गावावरचा, 1986-87 सालचा. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'हजार वर्षांच्या खाचांचं सूर्यघड्याळ'. त्यात भाताचं फूल उमलताना दिसतं. दोन हिरव्या कवचांमधून पुंकेसर वर येतात, परागकण सांडतात आणि कवच पुन्हा मिटतं. इतक्या जवळून आणि इतक्या सबुरीने घेतलेलं हे दृश्य मी पाहिलं, तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. चित्रपटासाठी भांडवल हवं म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं एकेक चित्र रोज टिपलं आणि ते सावकाराला दाखवलं. भारतीय कथापटाच्या जन्माआधीचं ते चित्र वनस्पतीच्या वाढीचं होतं. धीर धरणं हा सिनेमाचा पहिला गुण आहे, हे नाशिकच्या माणसाने आणि यामागाताच्या शेतात राबणाऱ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात ओळखलं.

त्याच चित्रपटात मागिनोच्या गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांचं बंड करून दाखवलंय. कित्येक पिढ्यांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला होता आणि त्यांच्या म्होरक्यांना शिक्षा झाली होती. तो प्रसंग वंशजांनीच उभा केला. बुतो नृत्याचे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता यांच्यासारखे कलावंतही त्यात आहेत, पण मान गावकऱ्यांना आहे. एखाद्या संस्कृतीचं चित्रण करायचं तर तिच्या माणसांना स्वतःचा इतिहास स्वतः सांगू द्या, यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 1987 मध्ये क्योतोमध्ये हा चित्रपट दाखवण्यासाठी माती, पेंढा आणि लाकूड वापरून एक खास चित्रपटगृह उभारलं गेलं. गावाची गोष्ट बघायला येणाऱ्यांनी गावाच्या वासात बसावं, हा त्यामागचा विचार होता.

पण सत्य पूर्ण सांगायला हवं. ओगावा यांच्या गटात पैसे मिळत नव्हते, आणि स्वयंपाकपाणी, धुणंभांडी, माणसांची उठबस बायकांवर पडली. 1992 मध्ये ओगावा गेले, मागे कर्जं राहिली. अमेरिकन दिग्दर्शक बार्बरा हॅमर यांनी 2000 साली 'डिव्होशन' या चित्रपटात त्या गटातल्या स्त्रियांना बोलतं केलं. त्यांच्या बोलण्यातून आदर दिसतो आणि दुखावलेपणही दिसतं. मुक्कामाचा खर्च कोण उचलतं, हा प्रश्न प्रत्येक दीर्घ प्रकल्पाने स्वतःला विचारायला हवा, आणि तो आपल्या चळवळींनाही तितकाच लागू आहे.

1989चा ऑक्टोबर

यामागाता शहराची नगरपालिका स्थापन होऊन 1989 मध्ये शंभर वर्षं झाली. शताब्दीला काय करावं यावर शहर विचार करत होतं, आणि जवळच मागिनोत ओगावा होते. पुतळा उभारण्याऐवजी, मिरवणूक काढण्याऐवजी, माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवायचं ठरलं. नगरपालिकेने शताब्दीला जगाला आपल्या घरी बोलवावं, आणि तेही माहितीपट बघायला, ही कल्पना मला आजही थक्क करते.

पहिल्या महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार लाटवियाचे दिग्दर्शक इवार्स सेलेत्स्किस यांना त्यांच्या 'क्रॉसरोड स्ट्रीट' या चित्रपटासाठी मिळाला. रीगा शहराच्या कडेला असलेल्या एका लहान गल्लीतली घरं, भांडणं, कुंपणं आणि माणसं एवढाच त्याचा विषय. ऑक्टोबरमध्ये पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली, दोन वर्षांत लाटविया स्वतंत्र झाला. सेलेत्स्किस त्या गल्लीत पुन्हा गेले. 1999 मध्ये आणि नंतर 2013 मध्ये त्यांनी त्याच माणसांवर पुढचे चित्रपट केले. देश बदलला, राज्यव्यवस्था बदलली, पण दिग्दर्शकाने गल्ली सोडली नाही.

पहिल्या महोत्सवात एक उणीवही उघडी पडली. स्पर्धेत आशियाई चित्रपट नव्हते. आशिया खंडात भरलेल्या महोत्सवात आशियाच गैरहजर! ओगावा यांनी आशियातल्या दिग्दर्शकांना एकत्र बसवलं आणि कारणांची चर्चा घडवली: पैसा नाही, उपकरणं नाहीत, आणि अनेक देशांत बोलण्याची मुभा नाही. फिलिपिन्सचे किडलाट ताहिमिक यांनी सर्वांच्या वतीने एक जाहीरनामा तयार केला. या सगळ्याचं चित्रण ओगावा यांच्या गटातले तोशिओ इझुका यांनी 'चित्रपटनगरी' या अर्थाच्या नावाने 1991 मध्ये पडद्यावर आणलं. मोठे महोत्सव आपली उणीव झाकतात. यामागाताने ती सभेत मांडली आणि त्यावर काम केलं.

त्या कामाचं फळ म्हणजे आशियाई चित्रपटांचा खास विभाग, आणि ओगावा यांच्या निधनानंतर 1993 पासून नवोदित आशियाई दिग्दर्शकाला मिळणारा शिन्सुके ओगावा पुरस्कार. पहिला पुरस्कार चीनच्या वू वेनगुआंग यांना सांस्कृतिक क्रांतीतल्या लाल रक्षकांच्या आठवणींवरच्या चित्रपटासाठी मिळाला. तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या आदिवासी समाजांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि यामागाताने आदिवासींच्या चित्रपटांचा स्वतंत्र विभाग भरवला. 2003 मध्ये चीनच्याच वांग बिंग यांच्या 'तिये शी छू' या नऊ तासांहून मोठ्या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बंद पडत चाललेले कारखाने आणि कामगारांच्या वस्त्या. नऊ तास! हा चित्रपट कोणत्याही व्यावसायिक खेळात बसत नाही. त्याला जागा हवी होती, आणि नऊ तास बसायला तयार असलेली माणसं हवी होती. यामागाताने दोन्ही दिलं. या सर्वोच्च पुरस्काराला रॉबर्ट आणि फ्रान्सिस फ्लाहर्टी यांचं नाव आहे, हेही सांगितलं पाहिजे. पूर्वसूरींच्या चुका माहीत असूनही त्यांचा वारसा नाकारायचा नाही, ही समज त्यामागे आहे.

प्रेक्षकाचा मुक्काम

आता महोत्सव चालतो कसा ते पाहू, कारण गुण तपशिलात असतो.

पहिली गोष्ट भाषेची. तिथे जगातल्या कुठल्याही भाषेतला चित्रपट आला तरी त्याला जपानी उपशीर्षकं असतात. यामागाताची भाजीवाली, शाळेतला शिक्षक, निवृत्त रेल्वे कर्मचारी, कुणीही तिकीट काढून पेरूच्या डोंगरातला किंवा इराकमधला माहितीपट स्वतःच्या भाषेत समजून घेऊ शकतो. इंग्रजी येणं ही तिथे जग पाहण्याची अट नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. चित्रपटानंतर दिग्दर्शक व्यासपीठावर येतात आणि प्रश्नांची उत्तरं देतात. दुभाषे सोबत असतात. रात्री ही चर्चा गावात पुढे चालते. लोणच्याच्या एका जुन्या दुकानाशी जोडलेलं 'कोमिआन' हे उपाहारगृह अनेक वर्षं महोत्सवाचं रात्रीचं घर होतं. गाद्यांवर बसून, साके आणि लोणचं समोर ठेवून, नावाजलेला दिग्दर्शक आणि स्वयंसेवक विद्यार्थी शेजारी बसून वाद घालत. सन्माननीय पाहुण्यांसाठी वेगळं दालन नव्हतं.

तिसरी गोष्ट जपणुकीची. महोत्सवाने स्वतःचं माहितीपटांचं ग्रंथालय उभारलं, जिथे वर्षभर चित्रपट बघता येतात. 'डॉक्युमेंटरी बॉक्स' नावाचं नियतकालिक जपानी आणि इंग्रजीत काढलं, आणि त्यातल्या लेखांनी आशियाई माहितीपटावरच्या अभ्यासाचा पाया घातला. आठवडा संपला तरी महोत्सव गावातून जात नाही.

मग 11 मार्च 2011 उजाडला. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना, सगळं तोहोकूमध्येच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये महोत्सव भरवायचा की नाही, असा प्रश्न पडणं साहजिक होतं. महोत्सव भरला आणि त्यात या आपत्तीवरचे चित्रपट दाखवून चर्चा करायचा खास विभाग होता. तिथे रयुसुके हामागुची आणि को साकाइ यांचा 'लाटांचा आवाज' या अर्थाच्या नावाचा चित्रपट होता. 'ड्राइव्ह माय कार'मुळे हामागुची यांचं नाव आज सगळ्या जगाला माहीत आहे. या चित्रपटात त्सुनामीच्या राक्षसी लाटांची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवलेली नाहीत. नवरा-बायको, बहिणी, अग्निशामक दलातले सहकारी अशी वाचलेली माणसं समोरासमोर बसतात आणि त्या दिवशी काय घडलं ते एकमेकांना सांगतात. कॅमेरा असा ठेवलाय की सांगणारा थेट आपल्याकडे बघून बोलतोय असं वाटावं. प्रेक्षक ऐकणाऱ्याच्या जागी बसतो. पुढे याच महोत्सवाने आपत्तीवरच्या माहितीपटांचा स्वतंत्र संग्रह सुरू केला, म्हणजे पुढच्या पिढीला त्या दिवसांबद्दल फक्त बातम्यांवर अवलंबून राहावं लागणार नाही.

ज्या गावाने वीस वर्षं दुसऱ्यांची दुःखं लक्ष देऊन ऐकली, त्या गावाला स्वतःवर वेळ आल्यावर ऐकायचं कसं आणि बोलायचं कसं, हे शिकवावं लागलं नाही. परक्या संस्कृतींचे चित्रपट का बघायचे, असं कुणी विचारलं तर मी यामागाताचं 2011 साल सांगतो.

स्वतंत्र म्हणजे काय

सुरुवातीला हा महोत्सव शहर प्रशासनाच्या आधाराने चालत होता. 2007 मध्ये तो स्वतंत्र ना-नफा संस्था झाला. शहराने हात काढून घेतला नाही, पण चित्रपट कोणते निवडायचे हा निर्णय संस्थेचा झाला. सरकारी पैसा आणि निवडीचं स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, फक्त त्यासाठी दोन्ही बाजूंनी संयम लागतो.

आपल्याला या प्रश्नाचा अनुभव आहे. मुंबईत 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, फिल्म्स डिव्हिजनने तो सुरू केला. 2004च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घातली गेली, परदेशी चित्रपटांना मात्र नाही. देशभरच्या माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केला आणि अट मागे घेतली गेली. पण नंतर अनेक परखड चित्रपट निवडीत गळले, तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरवला. ते नुसतं आंदोलन नव्हतं. त्यातून माहितीपट दाखवण्याची एक सवय मुंबईत रुजली, आणि पृथ्वी थिएटरच्या आवारात पुढे नियमित खेळ होऊ लागले.

आपल्या मातीतल्या चित्रपटांना परक्या गावांनी मोठा आदर दिला आहे. आनंद पटवर्धन यांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' 1995 मध्ये यामागाताला दाखवला गेला. शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होणारा आणि 1997च्या रमाबाईनगर गोळीबाराचा मागोवा घेणारा त्यांचा 'जय भीम कॉम्रेड' चौदा वर्षांच्या चित्रणातून उभा राहिला. मुक्काम म्हणतात तो हा! काठमांडूमध्ये 1997 पासून भरणाऱ्या 'फिल्म साउथ एशिया' महोत्सवात 2011 साली तो सर्वोत्तम ठरला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला 2015चा 139 दिवसांचा संप ज्यात येतो, तो पायल कपाडिया यांचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' 2023 मध्ये यामागाताच्या सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी झाला. लॉ कॉलेज रोडवरच्या आंदोलनाची गोष्ट तोहोकूच्या डोंगरातल्या प्रेक्षकांनी जपानी उपशीर्षकांसह ऐकली. आणि महाराष्ट्रातल्या किती गावांत ती मराठी उपशीर्षकांसह पोचली? हा प्रश्न मी आपणा सर्वांना विचारतो, स्वतःलाही विचारतो.

आपल्याकडे काय करता येईल

युनेस्कोने 2017 मध्ये यामागाताला चित्रपटाचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. दोन वर्षांनी, 2019 मध्ये, तोच मान मुंबईला मिळाला. एका यादीत ही दोन नावं शेजारी आहेत. मुंबईकडे स्टुडिओ आहेत, कलावंत आहेत, शंभर वर्षांहून जुना चित्रपट व्यवसाय आहे. 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित करणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईचेच. 1901 मध्ये रँग्लर परांजपे परदेशातून परत आले तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनीच केलं. घडणाऱ्या गोष्टीसमोर कॅमेरा ठेवण्याची परंपरा आपल्याकडे सव्वाशे वर्षांची आहे. यामागाताकडे यातलं फारसं काही नव्हतं. त्यांच्याकडे शेती होती, एक ओगावा होते आणि पाहुण्याला घरी बोलावण्याची इच्छा होती.

म्हणून मला वाटतं, आपला महोत्सव मुंबई-पुण्याबाहेर, एखाद्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी भरावा. परभणीत भरावा, सांगोल्यात भरावा, चिपळूणला भरावा. तिथे मंगोलियाच्या गुराख्यांवरचा चित्रपट बघताना मेंढरं घेऊन घाटावरून कोकणात उतरणारा आपला धनगर शेजारी बसलेला असावा. नॉर्वेच्या मच्छीमारांवरचा चित्रपट कोळीवाड्यातल्या बायकांनी बघावा आणि दिग्दर्शकाला त्यातली चूक दाखवावी, सोर्को शिकाऱ्यांनी रूश यांना दाखवली तशी. जगातली संस्कृती म्हणजे केवळ दूरची संस्कृती असं मानू नये. आपली माणसंही त्या जगातलीच आहेत आणि त्यांना जगाबद्दल बोलण्याचा पूर्ण हक्क आहे.

त्यासाठी माझ्या चार अपेक्षा आहेत. एक, प्रत्येक चित्रपटाला मराठी उपशीर्षकं. अनुवाद करू शकणारे तरुण आपल्याकडे आहेत. विद्यापीठांच्या भाषा विभागांनी हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हाती घ्यावं. दोन, महाराष्ट्रात चित्रित झालेला प्रत्येक चित्रपट महोत्सवाआधी ज्या वस्तीत, तांड्यात किंवा पाड्यात तो घडला तिथे दाखवला जावा, आणि तिथल्या माणसांचं म्हणणं नोंदवून ठेवावं. ऊसतोड कामगारांवरचा चित्रपट बीड जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी आधी दाखवावा, मग शहरात. तीन, चर्चेला चित्रपटाइतकाच वेळ. प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं उरकून पुढचा खेळ सुरू करण्याची घाई महोत्सवाचं सगळं मोल घालवते. आणि चार, चित्रपटांचा संग्रह गावातच राहावा. आपल्या जुन्या नगर वाचनालयांच्या इमारती आणि त्यांचे निष्ठावान वाचक या कामाची वाट बघत आहेत.

पैसा कुठून येणार, असं विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. यामागाताने शहराच्या शताब्दीच्या निमित्ताने सुरुवात केली. आपल्याकडेही अनेक नगरपालिका, शाळा आणि वाचनालयं शताब्दी आणि शतकोत्तर सुवर्णमहोत्सव साजरे करत आहेत. स्मरणिका छापून आणि सत्कार करून ही निमित्तं संपवण्याऐवजी एखाद्या नगरपालिकेने आपल्या उत्सवी वर्षात जगाला घरी बोलवावं.

या व्याख्यानमालेचे संयोजक इथे आहेत, त्यांना माझी जाहीर विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानांमधली एक संध्याकाळ भाषणाला न देता एका माहितीपटाला द्यावी. चित्रपट दूरच्या देशातला असावा, उपशीर्षकं मराठी असावीत, आणि ज्यांच्या रोजच्या कामाचा त्याच्याशी संबंध आहे अशा आपल्या भागातल्या माणसांना पहिल्या रांगेत बसवून चर्चेची सुरुवात त्यांच्याकडून करावी. आज मला मिळणारं मानधन मी या कामासाठी संयोजकांकडेच ठेवतो आहे; त्यातून पहिल्या चित्रपटाच्या मराठी उपशीर्षकांचं काम सुरू व्हावं. त्या संध्याकाळी मी श्रोत्यांमध्ये असेन.